‘पैकी’ कोणाला लावायचे? जनगणनेचा दुहेरी तक्ता आणि संभाव्यता

मांडणी (धागाकर्ती)

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यात अकरावी-बारावीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गात एक साधा प्रश्न दिला होता आणि त्याला तीन वेगवेगळी उत्तरे आली. कोणी ०.१२ लिहिले, कोणी ०.२४, तर कोणी ०.६६. तिन्ही उत्तरे देणाऱ्यांनी भागाकार अचूक केला होता आणि अंशस्थानी तिघांनी एकच संख्या घेतली होती. फरक फक्त छेदाचा होता. त्या दिवसापासून हा विषय सविस्तर लिहावा असे मनात होते, म्हणून हा धागा.

प्रश्न २०११ च्या जनगणनेतला आहे : निवडलेली व्यक्ती स्त्री असल्यास ती निरक्षर असण्याची संभाव्यता किती? महाराष्ट्रातील सात वर्षे व त्याहून अधिक वयाच्या लोकसंख्येचे लिंग आणि साक्षरता या दोन गुणांनुसार वर्गीकरण केले, तर पुढील तक्ता मिळतो. अशा तक्त्याला इंग्रजी पुस्तकांत कंटिन्जन्सी टेबल म्हणतात आणि हे नाव कार्ल पिअर्सन यांनी १९०४ मध्ये रूढ केले. वर्गात मी त्याला दुहेरी तक्ता म्हणते, कारण प्रत्येक माणूस त्यात दोनदा ओळखला जातो : एकदा ओळीने आणि एकदा रकान्याने.

| | साक्षर | निरक्षर | एकूण |
|---|---|---|---|
| पुरुष | ४,५२,५७,५८४ | ५९,५०,०८१ | ५,१२,०७,६६५ |
| स्त्रिया | ३,६२,९६,७०६ | १,१५,४३,४४५ | ४,७८,४०,१५१ |
| एकूण | ८,१५,५४,२९० | १,७४,९३,५२६ | ९,९०,४७,८१६ |

आता ‘निरक्षर स्त्रिया’ या एकाच घराकडे पाहू. त्यात १,१५,४३,४४५ ही संख्या आहे. या तक्त्यातून एक व्यक्ती यदृच्छेने निवडली, तर ती स्त्रीही असेल आणि निरक्षरही असेल याची संभाव्यता काढताना छेदात सगळे ९,९०,४७,८१६ लोक येतात आणि उत्तर ०.११६५ येते. निवड फक्त स्त्रियांमधून केली, तर छेद ४,७८,४०,१५१ होतो आणि ती निरक्षर असण्याची संभाव्यता ०.२४१३ येते. निवड फक्त निरक्षरांमधून केली, तर छेद १,७४,९३,५२६ होतो आणि ती व्यक्ती स्त्री असण्याची संभाव्यता ०.६५९९ येते. पहिली संयुक्त संभाव्यता आहे, उरलेल्या दोन्ही सशर्त आहेत, पण त्यांच्या अटी वेगळ्या आहेत.

मला असे मनापासून वाटते की मराठीत शिकणाऱ्या मुलांना हा विषय अवघड जायचे कारण नाही, कारण आपल्या भाषेत छेद दाखवणारा शब्द तयारच आहे. तो शब्द म्हणजे ‘पैकी’. ‘स्त्रियांपैकी निरक्षर’ म्हटले की छेद स्त्रियांचा. ‘निरक्षरांपैकी स्त्रिया’ म्हटले की छेद निरक्षरांचा. ज्याला ‘पैकी’ लागते तो छेदात जातो. शंभरापैकी ऐंशी गुण हे तर मूल चौथीतच म्हणते. अडचण इतकीच होते की पाठ्यपुस्तकातला प्रश्न ‘निवडलेली व्यक्ती स्त्री असल्यास ती निरक्षर असण्याची संभाव्यता काढा’ अशा भाषेत येतो आणि त्यातले ‘असल्यास’ म्हणजेच ‘पैकी’ आहे, हे कोणी सांगत नाही.

वर्गात मी एक पुठ्ठ्याची पट्टी वापरते. तक्ता फळ्यावर मोठा काढायचा, मुलीला किंवा मुलाला पुढे बोलवायचे आणि अट वाचून जी ओळ किंवा जो रकाना त्या अटीत बसत नाही, तो पट्टीने झाकायला सांगायचे. ‘स्त्री असल्यास’ म्हटले की पुरुषांची ओळ आणि खालची एकूण बेरजेची ओळ, दोन्ही झाकायच्या. मग उरते फक्त स्त्रियांची ओळ, तिच्या टोकाची बेरीज हाच छेद, आणि चुकायला जागाच राहत नाही. ‘निरक्षर असल्यास’ म्हटले की पट्टी उभी धरायची. त्या दिवशी ०.६६ उत्तर देणाऱ्या मुलीने पट्टी उभी धरली आणि प्रश्न पुन्हा वाचताना स्वतःच ती आडवी केली.

‘किंवा’ची उदाहरणेही याच तक्त्यावर होतात. निवडलेली व्यक्ती स्त्री किंवा निरक्षर असण्याची संभाव्यता काढताना दोन बेरजा मिळवून निरक्षर स्त्रियांचे घर एकदा वजा करावे लागते, कारण ते दोन्हीकडे मोजले गेलेले असते. मात्र तक्ता समोर असला, की साक्षर पुरुषांचे एकच घर एकूणातून वजा केले तरी तीच ५,३७,९०,२३२ ही संख्या मिळते आणि संभाव्यता ०.५४३१ येते, हे मुलांना चटकन दिसते.

इतर शिक्षक व अभ्यासकांनी आपले अनुभव आणि शंका कृपया लिहाव्यात.

कातळवाट

लेख फार उपयुक्त आहे. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, त्यामुळे मला दोन शंका आहेत. पहिली अशी की महाराष्ट्राची २०११ ची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ आहे असे मी पाठ केले आहे. तुमच्या तक्त्यात मात्र ती ९,९०,४७,८१६ आहे. मी साक्षरांची संख्या माझ्या आकड्याने भागली तेव्हा ७२.५७ टक्के आले, पण सगळीकडे ८२.३४ टक्के छापलेले असते. दुसरी शंका अशी की काही जुन्या टिपणांमध्ये साक्षरता ८२.९१ टक्के दिलेली आहे. यातले बरोबर कोणते मानायचे?

उंबरठा

कातळवाट, तुमचे ७२.५७ टक्के हे उत्तर भागाकार म्हणून बरोबर आहे, पण साक्षरतेचा दर म्हणून ते वापरत नाहीत. साक्षर की निरक्षर हा प्रश्न सात वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत विचारातच घेतला जात नाही. १९९१ पासून दर काढताना शून्य ते सहा वयोगट छेदातून वगळला जातो. २०११ मध्ये महाराष्ट्रात या वयाची १,३३,२६,५१७ मुले होती. तुमच्या ११,२३,७४,३३३ मधून ती वजा करा, म्हणजे धागाकर्तीचा छेद मिळेल. तीन वर्षांच्या मुलाला निरक्षर धरून राज्याचा दर खाली ओढणे योग्य होणार नाही, हे त्यामागचे कारण आहे.

८२.९१ टक्के हा आकडा २०११ मध्येच प्रसिद्ध झालेल्या हंगामी निष्कर्षांतला आहे आणि ८२.३४ टक्के हा नंतरच्या अंतिम आकडेवारीतला. हंगामी आणि अंतिम आकडे एकाच तक्त्यात मिसळले, तर घरांची बेरीज काठावरच्या बेरजेशी जुळत नाही. माझ्या मते दुहेरी तक्त्याचा हा एक मोठा फायदा आहे : प्रत्येक ओळ आणि प्रत्येक रकाना बेरजेने तपासता येतो, आणि चुकीच्या ठिकाणाहून आलेला आकडा तिथेच उघडा पडतो.

मी स्वतः फेब्रुवारी २०११ मध्ये प्रगणक म्हणून काम केले आहे, म्हणून या तक्त्यातल्या ‘साक्षर’ या शब्दाविषयी थोडे लिहिते. प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि संदर्भ क्षण १ मार्चची मध्यरात्र हा होता. कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारी, सात वर्षे किंवा अधिक वयाची व्यक्ती साक्षर धरायची, अशी व्याख्या होती. शाळेत गेलेच पाहिजे असे नव्हते. नुसते वाचता येते पण लिहिता येत नाही, अशी व्यक्ती साक्षर धरायची नव्हती.

एका घरी साठीच्या पुढच्या एक आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. लिहिता-वाचता येते का, असे विचारल्यावर त्या अभिमानाने म्हणाल्या की मला सही येते, बचत गटात मी अंगठा लावत नाही. त्यांनी सुपावरचा हात पुसला, माझ्याकडून कागद मागून घेतला आणि एकेक अक्षर जोडत स्वतःचे नाव काढून दाखवले. पण त्याच कागदावरची वरची ओळ त्यांना वाचता आली नाही. व्याख्येनुसार मला त्यांची नोंद निरक्षर अशी करावी लागली. तुमच्या तक्त्यातल्या १,१५,४३,४४५ या घरात त्या आजी आहेत. घराची सीमा कशी आखली आहे, हे ठाऊक असल्याशिवाय त्या घराची संभाव्यता सांगू नये, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

मांडणी (धागाकर्ती)

उंबरठाताई, फार मोलाचे लिहिलेत. व्याख्या बदलली की माणूस एका घरातून शेजारच्या घरात जातो आणि मग सगळ्याच संभाव्यता बदलतात, हे मी उद्या वर्गात या आजींच्या उदाहरणावरून सांगेन, तुमची हरकत नसेल तर.

गणकमोडी

माझा आक्षेप मूलभूत स्वरूपाचा आहे आणि तो मी आदराने मांडतो. जनगणना ही संपूर्ण गणना आहे, नमुना नाही. महाराष्ट्रातल्या सात वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २४.१३ टक्के स्त्रिया १ मार्च २०११ रोजी निरक्षर होत्या, हे घडून गेलेले वास्तव आहे. त्यात ‘संभाव्य’ काय आहे? प्रमाण आणि संभाव्यता यांत फरक करायला नको का?

रेघ आणि रकाना

गणकमोडी यांचा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर ‘यदृच्छेने निवड’ या दोन शब्दांत आहे. तक्त्यात स्वतःहून संभाव्यता नसते. तिथे केवळ गणना असते. आपण जेव्हा म्हणतो की या ९,९०,४७,८१६ लोकांमधून, प्रत्येकाला समान संधी राहील अशा रीतीने, एक व्यक्ती निवडायची आहे, तेव्हा अनिश्चितता येते, आणि ती निवडीमुळे येते. मग सगळी लोकसंख्या हाच नमुना अवकाश, म्हणजे सर्व शक्य निवडींचा संच, होतो, प्रत्येक घर ही एक घटना होते आणि घटनेची संभाव्यता तिच्या प्रमाणाएवढीच असते. आकडा तोच राहतो, त्याचा अर्थ मात्र बदलतो.

यावरूनच एक सावधगिरीही निघते. माझ्या शेजारी राहणाऱ्या एखाद्या विशिष्ट बाईंविषयी ‘त्या निरक्षर असण्याची संभाव्यता ०.२४ आहे’ असे म्हणणे चुकीचे होईल. त्यांना मी यदृच्छेने निवडलेले नाही. त्यांचे वय, गाव, व्यवसाय मला माहीत आहे, आणि यातली प्रत्येक माहिती म्हणजे पुठ्ठ्याची आणखी एक पट्टी आहे. तक्ता माणसांच्या समूहाविषयी बोलतो. त्यातून एका माणसावर शिक्का मारू नये, हे विद्यार्थ्यांना आकडेमोडीइतकेच आग्रहाने सांगायला हवे.

आता या तक्त्याचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा उपयोग मांडतो. लिंग आणि साक्षरता हे गुण एकमेकांपासून स्वतंत्र असते, तर काय दिसले असते? एकूण साक्षरांचे प्रमाण ०.८२३४ आहे. ते स्त्रियांनाही तसेच लागू झाले असते, तर साक्षर स्त्रिया ४,७८,४०,१५१ च्या ०.८२३४ पट, म्हणजे सुमारे ३ कोटी ९४ लाख असायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या ३ कोटी ६३ लाख आहेत. फरक सुमारे ३१ लाखांचा आहे. काठावरच्या बेरजा तशाच ठेवून केवळ स्त्री-पुरुष भेद नाहीसा झाला असता, तर या एका राज्यात आणखी ३१ लाख स्त्रिया साक्षरांच्या रकान्यात दिसल्या असत्या. स्वतंत्र घटनांची व्याख्या पुस्तकात गुणाकाराच्या सूत्राने येते आणि मुले ती पाठ करतात. पण ते सूत्र मोडले आहे याचा अर्थ ३१ लाख माणसे असा होतो, हे तक्ता समोर ठेवल्याखेरीज कळत नाही.

कातळवाट

इथे काय-वर्ग चाचणी लावून फरक लक्षणीय आहे का, ते पाहावे लागेल ना?

रेघ आणि रकाना

या ठिकाणी त्या चाचणीचा उपयोग नाही. काय-वर्ग चाचणी नमुन्यासाठी असते : नमुन्यात दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने आला असेल का, याचे उत्तर ती देते. आपण सर्वांनाच मोजले आहे, त्यामुळे फरक आहे की नाही ही शंकाच उरत नाही. सूत्रात आकडे घातलेच, तर उत्तर सुमारे २६ ते २७ लाख येईल, आणि ते मुख्यतः तक्त्यात जवळजवळ दहा कोटी माणसे आहेत म्हणून इतके मोठे येईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या नमुना पाहणीतला तक्ता असेल, तेव्हा ती चाचणी जरूर वापरावी. जनगणनेच्या तक्त्यात फरक किती मोठा आहे, हे पाहावे.

सांजवात

मी एका सामाजिक संस्थेत काम करते आणि आम्हाला नेहमी एक अडचण येते. अहवालात एका पानावर स्त्री-पुरुषांची संख्या असते, दुसऱ्या पानावर ग्रामीण-शहरी लोकसंख्या असते, पण दोन्ही एकत्र दिलेले नसते. अशा वेळी शहरात राहणाऱ्या स्त्रियांची संख्या दोन एकूण बेरजांवरून काढता येते का? आमचे काही सहकारी दोन्ही प्रमाणांचा गुणाकार करून मोकळे होतात.

मांडणी (धागाकर्ती)

सांजवात, तुमचा प्रश्न फार चांगला आहे, कारण त्याचे उत्तर आकड्यांतून तपासता येते. २०११ ची सर्व वयांची लोकसंख्या घेऊ. महाराष्ट्रात स्त्रिया ५,४१,३१,२७७ होत्या आणि शहरी लोकसंख्या ५,०८,१८,२५९ होती. एवढेच ठाऊक असेल, तर शहरी स्त्रियांच्या घरात किमान शून्य आणि कमाल ५,०८,१८,२५९ इतकी कोणतीही संख्या बसू शकते आणि सर्व बेरजा तरीही जुळतात. म्हणजे काठावरच्या बेरजा आतल्या घराविषयी इथे जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

गुणाकार करणे म्हणजे राहण्याचे ठिकाण आणि लिंग स्वतंत्र आहेत असे न सांगता गृहीत धरणे होय. तसे केले, तर शहरी स्त्रिया सुमारे २ कोटी ४४ लाख ७९ हजार येतात. प्रत्यक्ष गणना २,४१,१४,२३७ आहे. अंदाज साडेतीन लाखांहून थोड्या अधिक फरकाने चुकला, कारण शहरांत दर हजार पुरुषांमागे ९०३ स्त्रिया होत्या आणि ग्रामीण भागात ९५२. साक्षरतेच्या तक्त्यात हीच चूक ३१ लाखांची झाली असती, हे वर आलेच आहे. म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की घर मोजलेले नसेल, तर ते रिकामे ठेवावे. एका घराची खरी संख्या मिळाली, की दोन ओळी-दोन रकान्यांच्या तक्त्यातली उरलेली तीन घरे वजाबाकीने आपोआप भरतात. तेव्हा ते एक घर शोधण्यासाठी मूळ तक्ते उघडण्याचे कष्ट घ्यावेत.

उंबरठा

आणखी एक चूक मला शिक्षक-प्रशिक्षणात सतत दिसते. पुरुषांची साक्षरता ८८.३८ टक्के आणि स्त्रियांची ७५.८७ टक्के, म्हणून राज्याची सरासरी ८२.१३ टक्के, असे लोक धरून चालतात. खरा आकडा ८२.३४ आहे. दोन ओळींची टक्केवारी मिळवून दोनाने भागणे तेव्हाच चालते, जेव्हा दोन्ही ओळींत माणसे सारखी असतात. इथे पुरुष अधिक आहेत, म्हणून एकूण दर त्यांच्या बाजूला झुकतो. पुस्तकात ज्याला संपूर्ण संभाव्यतेचा नियम म्हणतात, तो याहून वेगळा काही नाही : प्रत्येक ओळीच्या दराला त्या ओळीच्या वजनाने गुणा आणि मग बेरीज करा.

रेघ आणि रकाना

याला जोडून तिसरा गुण आणू, कारण दुहेरी तक्ता पुष्कळ सांगतो तसे काही लपवतोही. साक्षरतेचे दर लिंग आणि वस्ती या दोन्हींनुसार पाहिले, तर ग्रामीण पुरुष ८५.१५, ग्रामीण स्त्रिया ६८.५४, शहरी पुरुष ९२.१२ आणि शहरी स्त्रिया ८४.८९ टक्के असे चार आकडे मिळतात. राज्याच्या तक्त्यात स्त्री-पुरुषांमधील अंतर साडेबारा टक्क्यांचे दिसते. प्रत्यक्षात ग्रामीण भागात ते १६.६१ आहे आणि शहरांत ७.२३. शहरात अंतर निम्म्याहून कमी झाले, असा निष्कर्ष यावरून सहज काढला जातो, आणि तो अनेक भाषणांत मी ऐकला आहे.

आता तेच आकडे निरक्षरतेच्या बाजूने वाचा. ग्रामीण भागात स्त्री निरक्षर असण्याची संभाव्यता ०.३१४६ आणि पुरुष निरक्षर असण्याची ०.१४८५, म्हणजे गुणोत्तर २.१२. शहरांत त्याच संभाव्यता ०.१५११ आणि ०.०७८८, म्हणजे गुणोत्तर १.९२. गावात असो वा शहरात, निरक्षर राहण्याची संभाव्यता स्त्रीच्या बाबतीत पुरुषाच्या जवळजवळ दुप्पट आहे. शहराने दोघांचीही निरक्षरता निम्म्यावर आणली, पण दोघांमधले प्रमाण फारसे हलवले नाही. वजाबाकी आणि भागाकार एकाच तक्त्यावरून दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि या विषयावर लिहिणाऱ्याने वाचकांसमोर दोन्ही ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे मी मानतो. शहरी स्त्रियांचा ०.१५११ आणि ग्रामीण पुरुषांचा ०.१४८५ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. शहरातली स्त्री गावातल्या पुरुषापर्यंत पोहोचली होती, इतकेच.

गणकमोडी

आपल्या आधीच्या उत्तराने माझे समाधान झाले. ‘निवडीमुळे अनिश्चितता येते’ हे मला पटले. धागाकर्तीच्या तक्त्यात एक योगायोग दिसला, तो विद्यार्थ्यांसाठी नोंदवतो. ‘निवडलेली व्यक्ती निरक्षर स्त्री असणे’ याची संभाव्यता ०.११६५ आहे आणि ‘पुरुषांपैकी निरक्षर असणे’ याची ०.११६२. दोन्ही तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिल्या, तर ०.११७ आणि ०.११६ होतात, दोन स्थळांपर्यंत लिहिल्या, तर दोन्ही ०.१२. या दोन संभाव्यतांचा अंश वेगळा, छेद वेगळा, अर्थही वेगळा. परीक्षेत एखाद्याने चुकीच्या घरावरून काढलेले उत्तर केवळ आकडा जुळल्यामुळे बरोबर ठरू शकते. म्हणून उत्तराबरोबर अंश आणि छेद दोन्ही पूर्ण लिहून मागावेत, अशी माझी सूचना आहे.

मांडणी (धागाकर्ती)

सूचना अत्यंत योग्य आहे. या सहामाहीपासून मी तसेच मागणार आहे.

आता आमच्या जिल्ह्याचे एक उदाहरण देते, कारण मुलांना ते सर्वांत जवळचे वाटले. रत्नागिरीचे लिंग-गुणोत्तर २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया इतके होते, आणि मुंबई शहर जिल्ह्याचे ८३२. एका मुलाने लगेच विचारले की संभाव्यता एकाहून जास्त कशी असेल. लिंग-गुणोत्तर ही संभाव्यताच नाही, कारण तिथे स्त्रियांना पुरुषांनी भागलेले असते, सर्वांनी नाही. ‘मागे’ आणि ‘पैकी’ यांत हा फरक आहे. ११२२ ला २१२२ ने भागले, की रत्नागिरीत निवडलेली व्यक्ती स्त्री असण्याची संभाव्यता ०.५२९ मिळते.

मग मुंबईचे दोन्ही जिल्हे एकत्र धरून हा तक्ता मांडला.

| | स्त्रिया | पुरुष | एकूण |
|---|---|---|---|
| रत्नागिरी | ८,५३,९४८ | ७,६१,१२१ | १६,१५,०६९ |
| मुंबई | ५७,२६,४४२ | ६७,१५,९३१ | १,२४,४२,३७३ |
| एकूण | ६५,८०,३९० | ७४,७७,०५२ | १,४०,५७,४४२ |

रत्नागिरीकरांपैकी स्त्री असण्याची संभाव्यता ०.५२९ आहे, मुंबईकरांपैकी ०.४६० आहे. मी प्रश्न उलटा केला : या दोन ठिकाणांच्या सर्व स्त्रियांमधून एक निवडली, तर ती रत्नागिरीची असण्याची संभाव्यता किती? बहुतेकांनी मनातल्या मनात ०.५ च्या पुढचा आकडा धरला होता, कारण ‘रत्नागिरीत स्त्रिया जास्त’ हे डोक्यात पक्के बसलेले होते. पट्टी उभी धरून पुरुषांचा रकाना झाकल्यावर ८,५३,९४८ भागिले ६५,८०,३९०, म्हणजे केवळ ०.१३० आले. मुंबई इतकी मोठी आहे की तिथे स्त्रियांचे प्रमाण कमी असूनही स्त्रिया बहुसंख्येने तिथल्याच निघतात. तरीही अट निरुपयोगी नाही : काहीच माहीत नसताना व्यक्ती रत्नागिरीची असण्याची संभाव्यता ०.११५ होती, स्त्री आहे असे कळल्यावर ती ०.१३० झाली आणि पुरुष आहे असे कळले असते तर ०.१०२ झाली असती. बेझच्या प्रमेयाचे सूत्र मी त्यानंतर फळ्यावर लिहिले, आणि आपण आताच केले ते हेच, हे मुलांनीच मला सांगितले.

सांजवात

रत्नागिरीत कमी असलेले पुरुष म्हणजे मुंबईत गेलेले चाकरमानी, असे या तक्त्यावरून म्हणता येईल का?

मांडणी (धागाकर्ती)

आमच्या वर्गातही हाच प्रश्न आला, आणि विचारणाऱ्या मुलीचे वडील मुंबईला असतात. कोकणातून मुंबईला कामासाठी जाण्याची परंपरा जुनी आहे आणि या दोन ओळींच्या मागे ती उभी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हा तक्ता माणूस मोजला गेला ते ठिकाण सांगतो, तो कुठून आला ते सांगत नाही. मुंबईच्या ६७,१५,९३१ पुरुषांपैकी रत्नागिरीहून आलेले किती, हे घर त्यात नाही, आणि वर ठरल्याप्रमाणे न मोजलेले घर आपण गुणाकाराने भरणार नाही. जनगणनेत जन्मस्थळाचे आणि स्थलांतराचे तक्ते स्वतंत्र असतात. त्या मुलीने तिच्या वाडीतल्या ज्या घरांना ती ओळखते, त्यांचा एक छोटा तक्ता करून आणायचे ठरवले आहे : ओळीत स्त्री-पुरुष, रकान्यात ‘गावी राहतात’ आणि ‘कामाला बाहेर असतात’. गणपतीला आलेल्यांना कोणत्या रकान्यात घालायचे, असे तिने मला विचारले. मी तिला सांगितले की आधी व्याख्या लिही आणि मग पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत तीच पाळ.